मचाकोस: उतारावरची शेती, नैरोबीचा रस्ता आणि नदीतली वाळू

केनियात नैरोबीहून मोंबासाच्या दिशेने आग्नेयेला निघाले की साठ-पासष्ट किलोमीटरवर मचाकोस लागते. आजूबाजूला टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी कोरड्या मैदानांचा पसारा आणि वर्षातले बहुतेक महिने नुसती वाळू दाखवणाऱ्या नद्या. हा अकांबा लोकांचा मुलूख, उकांबानी. १९९२ साली मकुएनी वेगळा झाला, त्यापूर्वीचा जुना मचाकोस जिल्हा सुमारे १३,६०० चौरस किलोमीटरचा होता, म्हणजे आपल्या सोलापूरहून जरासा लहान. टेकड्यांवर वर्षाला हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, खालच्या सपाटीवर पाचशे-सहाशे. तोही दोन हंगामांत वाटलेला: मार्च ते मे लांब पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर आखूड पाऊस. नाव आखूड असले तरी शेतकऱ्याची भिस्त जास्त त्याच्यावरच. सपाटीवरच्या एका पिकाच्या वाट्याला जेमतेम अडीचशे-तीनशे मिलिमीटर येतात आणि त्यातल्या दोन-तीन मुसळधार सरींत निम्मे पाणी मातीसकट वाहून जाऊ शकते.

या जिल्ह्याची लोकसंख्या १९३२ साली सुमारे २ लाख ४० हजार होती. १९८९ च्या जनगणनेत ती १४ लाखांच्या घरात गेली. २०१९ साली मचाकोस (१४,२१,९३२) आणि मकुएनी (९,८७,६५३) मिळून २४ लाखांच्या पुढे गेली. कोरडवाहू, उताराची जमीन आणि दहापट माणसे. पुस्तकी हिशेबाने येथे ओसाडी आणि उपासमार याखेरीज काही उरायला नको होते. प्रत्यक्षात १९३० ते १९९० या साठ वर्षांत दर चौरस किलोमीटरमागे शेती उत्पादनाचे मूल्य दहापटीहून अधिक वाढले आणि दरडोई ते सुमारे तिप्पट झाले. लंडनची ओव्हरसीज डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट आणि नैरोबी विद्यापीठ यांच्या अभ्यासकांनी १९९० च्या आसपास हा सगळा हिशेब मांडला, तेव्हापासून मचाकोस हे नाव जगभरच्या ग्रामविकासाच्या वर्गांत घेतले जाते.

त्या वर्गांत बहुधा दोनच धडे शिकवतात. एक, माणसे वाढली म्हणजे जमीन मरते असे नाही. दुसरा, बांधबंदिस्ती केली की कोरडवाहू भाग सावरतो. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. मचाकोसची माती वाचली कारण तिच्यात घालायला बाहेरून पैसा आला, तो पैसा आणणारा रस्ता जवळ होता, आणि कोणता बांध घालायचा हे ठरवण्याची मुभा अखेर शेतकऱ्याला मिळाली. या तिन्हींतली एक जरी गोष्ट नसती तरी गोष्ट वेगळी घडली असती. शेजारच्या किटुईत ती वेगळी घडलीच. आणि आज त्याच रस्त्याने नदीतली वाळू नैरोबीला निघून चालली आहे.

हुकमाचे बांध

१९३७ साली वसाहत सरकारचा मृदसंधारण अधिकारी कॉलिन माहेर याने मचाकोसवर अहवाल लिहिला. त्याच्या मते हा प्रदेश दगड, धोंडे आणि वाळूचे वाळवंट होण्याच्या मार्गावर होता आणि दोष होता तो आफ्रिकी माणसांच्या व गुरांच्या बेसुमार वाढीचा. त्याच सुमारास बार्न्स नावाच्या अधिकाऱ्याने उघड्या पडलेल्या टेकड्यांची छायाचित्रे काढून ठेवली. त्यांतली धूप खरी होती. उतारांवर घळी पडल्या होत्या, गवत संपले होते, याबद्दल वाद नाही.

अहवालाने गाळलेली गोष्ट अशी की अकांबांची चराऊ मैदाने आणि मुआ टेकड्यांचा चांगला भाग गोऱ्या वसाहतकऱ्यांना दिला गेला होता. लोक आणि त्यांची गुरे 'राखीव' म्हणून आखलेल्या हद्दीत कोंडली होती. दुष्काळ पडला की गुरे घेऊन मोकळ्या रानात जायचे, ही जुनी सोय बंद झाली होती. एवढ्याशा रानात सगळी गुरे चरणार तर गवत उरेल कसे? जमिनीचा प्रश्न हद्दीचा होता आणि तो गुरांच्या माथी मारला गेला.

त्यावरचा उपायही मग तसाच निघाला. १९३८ मध्ये सरकारने गुरांची संख्या सक्तीने कमी करायला घेतली. गुरे पकडून लिलावात काढायची, पडत्या भावाने विकायची. आथी रिव्हर या गावी नुकताच मांसाचा कारखाना उभा राहिला होता, त्यालाही माल हवा होता. अकांबाच्या घरी गाय म्हणजे दूध, मुलाच्या लग्नाचे देणे आणि दुष्काळातली शिल्लक. सॅम्युएल मुइंदी म्बिंगू या तरुणाच्या पुढारीपणाखाली हजारो माणसे, बायका-पोरांसह, नैरोबीला चालत गेली आणि गव्हर्नरची भेट मागत तिथे काही आठवडे ठाण मांडून बसली. म्बिंगूला पकडून दूर लामू बेटावर धाडले, पण सक्तीची विक्री सरकारला थांबवावी लागली. आज नैरोबीच्या मध्यवस्तीत त्याच्या नावाचा रस्ता आहे.

गुरांची सक्ती गेली तरी बांधांची आली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, आफ्रिकी जमीन विकासाच्या मंडळामार्फत मचाकोसमध्ये बराच पैसा ओतला गेला. मुखियांच्या हुकमाने लोकांनी ठरावीक दिवशी सकाळी बांधावर कामाला यायचे. पुरुष नोकरीला किंवा सैन्यात, त्यामुळे खोदायला बायकाच. हे बांध अरुंद बुडाचे होते: समपातळीत चर खणायचा आणि माती खालच्या अंगाला टाकायची. काम झटपट होई, पण पहिल्या मोठ्या पावसात चर गाळाने भरे आणि बांध फुटे. मग पुन्हा हुकूम.

आपल्याकडेही हा अनुभव जुना आहे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर सोलापूर-विजापूरच्या पट्ट्यात समपातळी बांध घातले गेले, ते शेताच्या धुऱ्याची पर्वा न करता आडवेतिडवे जात. कितीतरी शेतकऱ्यांनी ते पुढे नांगरून टाकले आणि स्वतःच्या हद्दीवरचे बांध मात्र पिढ्यानपिढ्या जपले. ज्याच्या शेतात बांध आहे त्याला तो आपला वाटत नसेल तर त्याचे आयुष्य पुढच्या नांगरटीपर्यंतच.

वर फेकलेली माती

मचाकोसमध्ये जे टिकले त्याला स्वाहिलीत 'फान्या जू' म्हणतात. चर समपातळीतच खणायचा, साधारण दोन फूट रुंद आणि तितकाच खोल, पण माती फेकायची वरच्या अंगाला. अंगमेहनत जास्त, ओली, जड माती चढावर टाकताना खांदे भरून येतात. पण चराच्या वर बंधारा उभा राहतो, त्यावर गवत लावले की तो पक्का होतो, आणि दर पावसाला वरून येणारी माती त्यामागे साठत जाते. पाच-सात वर्षांत दोन बंधाऱ्यांमधला उतार आपोआप सपाट होत जातो आणि उताराच्या शेताचे पायऱ्यांचे शेत होते. चरात जमणाऱ्या ओलीवर केळी, पपई लावतात. बंधाऱ्यावरचे नेपिअर गवत कापून गोठ्यातल्या गाईला घालतात, गाईचे शेण पुन्हा त्याच पायरीवर. ज्या गाईला १९३८ मध्ये गुन्हेगार ठरवले होते ती अशी बांधावर पोसली जाऊ लागली आणि तिच्या शेणखताशिवाय हे शेत चालेनासे झाले.

सपाट पायऱ्यांची ही कल्पना नेमकी कुठून आली याची एक हकीकत तिकडे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात किंग्ज आफ्रिकन रायफल्स या ब्रिटिशांच्या वसाहती फौजेत अकांबा जवान मोठ्या संख्येने होते. पूर्व आफ्रिकी फौज ब्रह्मदेशात लढली आणि तिचा मुक्काम सिलोनमध्ये व हिंदुस्थानातही पडला. तिथल्या डोंगरउतारावरची पायऱ्यांची शेती पाहून आलेल्या जवानांनी गावी परतल्यावर ती करून पाहिली, असे म्हणतात. कृषी खात्याचे लोकही ती शिकवत होतेच, तेव्हा श्रेय वाटून घ्यावे हे बरे. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे: परतलेल्या जवानांच्या गाठीला पगाराचा पैसा होता. त्यातून त्यांनी नांगर घेतले, बैल घेतले, दुकाने टाकली. नवे पाहिलेले आणि ते करून बघण्यापुरती ऐपत असलेले लोक गावात एकाच वेळी आले.

१९५० च्या दशकात दोन गोष्टी बदलल्या. सक्तीच्या टोळ्यांऐवजी म्वेथ्या या जुन्या रिवाजावर काम सोपवले गेले. म्वेथ्या म्हणजे आपल्याकडच्या इर्जिकीसारखी पद्धत: आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. गटाचा पुढारी आता लोकांनी निवडलेला, कुणाच्या शेतात आधी काम करायचे हे गट ठरवणार, आणि बांधाचा प्रकारही. गटांत बायकांची संख्या मोठी होती आणि पुष्कळ ठिकाणी पुढारपणही त्यांच्याकडे आले. दुसरी गोष्ट कॉफीची. तोवर आफ्रिकी शेतकऱ्याला कॉफी लावण्याची जवळजवळ बंदीच होती. आफ्रिकी शेतीसाठी सरकारने आखलेल्या १९५४ च्या स्विनर्टन योजनेनंतर ती उठली आणि मचाकोसच्या टेकड्यांवर कॉफीला परवानगी मिळाली, पण एका अटीवर: शेताला पायऱ्या हव्यात. कांगुंडो आणि मतुंगुलूच्या बाजूला लोक मग पायऱ्या खणायला आपणहून पुढे आले. दोन वर्षांमागे हुकमाने जे होत नव्हते ते कॉफीच्या एका हंगामाच्या आशेने झाले.

१९६३ मध्ये स्वातंत्र्य आले आणि पहिली काही वर्षे बांधांचे काम जवळपास थांबले. बांध म्हणजे गोऱ्यांची सक्ती, ही आठवण ताजी होती. पण ज्यांच्या शेतात पायऱ्या होत्या त्यांचे पीक अपुऱ्या पावसातही उभे राहते आणि शेजाऱ्याचे वाळते, हे डोळ्यांसमोर दिसत होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लोक पुन्हा खणू लागले, ते कुणी न सांगता. स्वीडनच्या मदतीने राष्ट्रीय मृदसंधारण कार्यक्रम सुरू झाला तो १९७४ मध्ये आणि युरोपीय समुदायाच्या पैशातून मचाकोसचा एकात्मिक विकास कार्यक्रम चालला तो १९७८ ते १९८८. या कार्यक्रमांनी फावडी, कुदळी, रस्ते, पाणीयोजना दिल्या, त्यांचे मोल आहेच. पण ते चालत्या गाड्यावर चढले होते. पुढे १९९० च्या सुमारास अभ्यासकांनी बार्न्सच्या १९३७ च्या छायाचित्रांतल्या जागा शोधून तिथूनच नवी छायाचित्रे घेतली. उघड्या टेकड्यांवर आता पायऱ्या, कुंपणे, घरे होती आणि झाडे पूर्वीपेक्षा जास्त होती.

पैसा कुठून आला

पायऱ्या खणणे फुकट होत नाही. एका एकराचे काम घरच्या दोन माणसांनी करायचे म्हटले तर कोरड्या महिन्यांतले अनेक आठवडे जातात, आणि त्या आठवड्यांत मजुरी बुडते. मजूर लावले तर रोख लागते. ती रोख मचाकोसच्या शेतीतून सुरुवातीला आली नाही.

ती आली नैरोबीच्या नोकऱ्यांतून, पोलीस आणि सैन्याच्या पगारांतून, रेल्वेतून. ती आली लाकडी कोरीवकामातून. वामुन्यू गावचा मुतिस्या मुंगे पहिल्या महायुद्धाच्या काळात टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, होता. तिथल्या कारागिरांकडून तो कोरीवकाम शिकला आणि गावी येऊन त्याने जो धंदा सुरू केला त्यावर पुढे पिढ्या जगल्या. केनियाच्या विमानतळावर मिळणारे लाकडी जिराफ आणि मुखवटे बहुतांशी या अकांबा कारागिरांच्या परंपरेतले. बायकांनी घायपाताच्या धाग्याच्या किओंडो पिशव्या विणल्या. १९७० आणि ८० च्या दशकांत त्या युरोप-अमेरिकेत खूप खपल्या. आणि १९७५ मध्ये ब्राझीलच्या कॉफीवर हिमकडाका पडला तेव्हा १९७६-७७ मध्ये जगभर कॉफीचे भाव कडाडले. मचाकोसच्या टेकड्यांवर त्या दोन वर्षांत जो पैसा आला त्याचा मोठा हिस्सा पायऱ्यांत, पत्र्याच्या छपरांत आणि मुलांच्या शाळेच्या फीत गेला.

पुढे दुसऱ्या एका अभ्यासाने मचाकोस आणि किटुई यांची तुलना केली. लोक एकच, भाषा जवळपास एकच, तंत्र तेच, दुष्काळही तेच. किटुई मात्र नैरोबीपासून दूर. पायऱ्या कधी आणि किती खणल्या गेल्या याचा उलगडा दोन गोष्टींनी बऱ्यापैकी होतो असे त्यात दिसले: कॉफीचा भाव आणि नैरोबीला पोचायला लागणारा वेळ. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत उपयोगी निष्कर्ष आहे. जिथे टोमॅटो, फरसबी, आंबा दुसऱ्या दिवशी शहराच्या बाजारात पोचतो तिथे बांधाची किंमत वसूल होते. जिथे माल गावातच सडतो तिथे बांध हे कर्ज ठरते. पाणलोट विकासाच्या योजनांत रस्त्याचा खर्च 'वेगळे खाते' म्हणून बाजूला ठेवतात, तेव्हा याच गोष्टीकडे पाठ फिरवली जाते.

बियाण्याचा एक शब्द सांगायलाच हवा. मचाकोसजवळच्या कटुमानी संशोधन केंद्रातून १९६८ मध्ये 'कटुमानी कंपोझिट-बी' हा मक्याचा वाण आला. तो फार देणारा नव्हता, लवकर येणारा होता. पाऊस संपण्याआधी फुलोऱ्यावर येऊन दाणा भरणारा. संकरित नसल्यामुळे शेतकरी त्याचे बी घरी राखू शकत होता. लोकांनी तो आपल्या जुन्या मक्यात मिसळूनही घेतला.

आणि तूर. उकांबानीत मक्याच्या ओळींमध्ये तूर असतेच. मका करपला तरी खोल मुळांची तूर तग धरते. ओल्या तुरीचे दाणे घरी शिजवतात, वाळली तूर विकतात. तिचे जुने गिऱ्हाईक केनियातले भारतीय डाळगिरणीवाले आणि भारताचा बाजार. २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रात तुरीचे विक्रमी पीक आले, भाव हमीभावाखाली गेले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्यासाठी तो निर्णय गरजेचा होता, असे मलाही वाटते. पण त्याची झळ पूर्व आफ्रिकेतल्या तूर उत्पादकांना बसली, हेही नाकारता येत नाही. लातूरचा आणि मकुएनीचा कोरडवाहू शेतकरी एकमेकांना ओळखत नाहीत, पण एकाच भावाच्या दोन टोकांना बांधलेले आहेत.

ज्यांचे कुणी शहरात नव्हते

मचाकोसच्या यशाचा गवगवा झाल्यावर १९९० च्या दशकात एका संशोधकाने याच मुलखातल्या म्बूनी टेकड्यांत घरोघरचे हिशेब पाहिले. सरासरीमागे दडलेले चित्र वेगळे निघाले. ज्या घरात बाहेरची कमाई होती त्यांनी पायऱ्या खणल्या, खत घातले, जमीन विकत घेतली. ज्यांच्याकडे नव्हती त्यांची जमीन वाटण्यांत लहान होत गेली, पायऱ्या पडक्या राहिल्या, आणि ते पहिल्यांच्या शेतात मजुरीला जाऊ लागले. जिल्ह्याचे उत्पादन वाढत असतानाच गावातली दरी रुंदावत होती.

दुष्काळ तर कधीच हटला नाही. अकांबा प्रत्येक दुष्काळाला नाव देतात. १९६१ च्या दुष्काळात विमानातून धान्य टाकले गेले म्हणून तो विमानाचा दुष्काळ. १९८४ च्या दुष्काळाचे नाव 'हातात पैसे असून मरेन' अशा अर्थाचे आहे: त्या वर्षी लोकांच्या गाठीला रोख होती, पण विकत घ्यायला बाजारात धान्यच नव्हते. रोख पिकांच्या बळावर सावरलेल्या जिल्ह्याला त्या वर्षाने काय सुनावले ते या नावात आहे. रस्ता नुसता माल नेण्यासाठी असून चालत नाही, वाईट वर्षी धान्य आत यावे लागते, आणि ते काम बाजार आपणहून करत नाही. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराने ठरवलेले निर्यातीचे कोटे मोडले, भाव कोसळले आणि टेकड्यांवरच्या कित्येकांनी कॉफीकडे दुर्लक्ष केले. आंबा, भाजीपाला, दूध यांनी काही प्रमाणात ती जागा घेतली. २०२० च्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेत एकामागून एक पाच पावसाळे कोरडे गेले, त्यात उकांबानीही होरपळली.

वाळूतले पाणी

या मुलखातल्या नद्या पावसाच्या सरीनंतर काही तास धो धो वाहतात आणि मग कोरड्या पडतात. पण त्यांच्या पात्रातली जाड वाळू पाणी धरून ठेवते. बायका पात्रात खड्डा करून झिरपणारे पाणी वाटीने भरून घेतात, ही पद्धत पिढ्यांची आहे. वाळूचा बंधारा तिच्यावरच उभा आहे. पात्रात जिथे खडक उघडा किंवा उथळ आहे तिथे दगडी भिंत बांधायची, माणसाच्या उंचीची किंवा थोडी जास्त. पुराबरोबर आलेली जड वाळू भिंतीमागे बसते, हलका गाळ भिंतीवरून पुढे निघून जातो. एक ते चार पावसाळ्यांत भिंतीमागे वाळूचा साठा होतो आणि त्याच्या आकारमानाच्या पंचवीस ते चाळीस टक्के जागेत पाणी राहते. ऊन त्याला पोचत नाही, डास होत नाहीत, गुरे ते घाण करत नाहीत. भिंतीतून काढलेल्या नळाने किंवा काठावरच्या हातपंपाने पाणी घ्यायचे.

वसाहत काळाच्या शेवटी, १९५० च्या दशकात, इथे असे काही बंधारे झाले होते. १९७८ पासून मचाकोसच्या उटूनीत जोशुआ मुकुस्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी ही वाट पुन्हा धरली. पुढे त्यांच्या संस्थेने आणि इतरांनी उकांबानीत शेकडो बंधारे बांधले. किटुईत १९९५ पासून सासोल या संस्थेने नदीच्या एकाच पात्रात ओळीने बंधारे घालण्याचे काम केले. रीत सगळीकडे साधारण एकच: सिमेंट आणि लोखंड बाहेरून, दगड, वाळू, पाणी आणि श्रम गटाचे. गटात पुन्हा बायकाच जास्त, कारण पाण्यासाठी मैलोगणती चालावे लागे ते त्यांनाच.

बंधारा फसतो तो दोन कारणांनी. बाजूच्या काठात भिंत पुरेशी आत घेतली नाही तर पूर वळसा घालून काठ कापतो. आणि वरच्या शेतांतून बारीक माती येत राहिली तर वाळूऐवजी गाळ भरतो. गाळ पाणी शोषतो पण सोडत नाही. म्हणून जाणते लोक आधी वरच्या उतारावर पायऱ्या खणायला लावतात, मग भिंतीचे दगड. शेतातला बांध आणि नदीतला बांध एकच काम आहे.

या नद्यांवर आता दुसराच भार आला आहे. नैरोबीच्या इमारतींना वाळू लागते आणि ती सर्वांत जवळ मिळते मचाकोस-मकुएनीच्या नद्यांत. रात्री ट्रक पात्रात उतरतात, तरुण फावड्याने भरतात आणि सकाळपर्यंत रोख मजुरी हातात पडते. खडक उघडा पडला की पूर सरळ निघून जातो, काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे होतात आणि त्या गावच्या बायकांचा पाण्याचा खड्डा कायमचा जातो. केनियाच्या राष्ट्रीय पर्यावरण प्राधिकरणाने २००७ मध्ये वाळूउपशाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. मकुएनी काउंटीने (काउंटी म्हणजे स्वतःचे निवडून आलेले सरकार असलेला जिल्हा) २०१५ मध्ये स्वतःचा वाळूसंवर्धन कायदा करून त्यासाठी वेगळे प्राधिकरण नेमले. महाराष्ट्रात ज्याने नदीकाठचे गाव पाहिले आहे त्याला यातले काही समजावून सांगायला नको. कायदा एका काउंटीत कडक आणि शेजारच्या काउंटीत सैल असला तर ट्रक शेजारी वळतात.

ट्रक भरणाऱ्या तरुणाला नुसते चोर म्हणून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. त्याच्या आजोबाने पायऱ्या खणल्या, बापाच्या वाट्याला त्यातल्या दोन आल्या, त्याच्या वाट्याला त्याचा तुकडा. त्या तुकड्यावर तो जगू शकत नाही, आणि नदीतल्या वाळूवर त्याचा हक्क आहे असे त्याला वाटते. वाळू विकायचीच असेल तर किती, कुठून आणि किती वर्षांनी पुन्हा, हे नदीकाठच्या गटाने ठरवावे, महसूल त्याच गावच्या बंधाऱ्यांना मिळावा आणि भरणाऱ्याची मजुरी त्याच गटाच्या हातून द्यावी. म्वेथ्या गटांनी १९५० च्या दशकात बांध कुठे घालायचा हे ठरवले होते. बंधाऱ्यांचे गट आजही पाण्याची पाळी ठरवतात. वाळूचे ठरवण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नाही, तो काउंटीच्या कचेरीत आणि ट्रकमालकाच्या फोनवर आहे.

मचाकोसचा पश्चिम कोपरा आता नैरोबीत मिसळला आहे. आथी रिव्हर, म्लोलोंगो, स्योकिमाऊ इथे कारखाने आणि घरांच्या वसाहती उभ्या आहेत. २०२२ मध्ये खुला झालेला नैरोबीचा उन्नत द्रुतगती मार्ग म्लोलोंगोहूनच निघतो. २०१९ च्या आकड्यांतली मचाकोसची माणसे सगळी शेतकरी नाहीत, हे त्यामुळे लक्षात ठेवावे लागते. टेकड्यांवरच्या गावांत तरुण कमी आणि म्हातारी माणसे जास्त. पायऱ्यांना दर दोन-तीन वर्षांनी डागडुजी लागते: चर उपसायचा, फुटलेला बंधारा सांधायचा, गवत पुन्हा लावायचे. २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा आल्यापासून नैरोबीतला मुलगा पावसाआधी फोनवरून पैसे पाठवतो आणि आई गावातल्या मजुराकडून चर उपसून घेते. ज्या घराचे नैरोबीत कुणी नाही, तिथे म्वेथ्याची पाळी येईपर्यंत थांबावे लागते, आणि गटात काम करू शकणाऱ्या बायका आता साठीच्या पुढे चालल्या आहेत.